रिकाम्या पेल्यातलं सोनं

रिकाम्या पेल्यात सोनं सापडलं तर कुणीही आनंदाने नाचेल. गुंज मात्र डोक्याला हात लावून बसली.

गुंज हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. जन्मली तेव्हा इतकी लहान होती, की सोनार बापाने तिला तळहातावर घेतलं आणि "ही तर गुंजभरच आहे" असं म्हटलं. झालं, सोन्याचं सगळ्यात लहान वजन तिला जन्माचं चिकटलं. पुढे पोरगी वाढली, शिकली, आकाशातून पडलेले दगड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला लागली, तरी घरात ती गुंजच. एकदा फोनमधून बाबांची हाक चष्मेवाल्याच्या कानावर गेली आणि त्या दिवसापासून ती प्रयोगशाळेतही गुंज झाली. चष्मेवाला म्हणजे तिथलं मोजणीचं यंत्र सांभाळणारा तरुण. कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट.

रिकाम्या पेल्याची भानगड अशी. दगडाचा तुकडा ॲसिडात विरघळवायचा, त्यातून एकेक धातू वेगळा काढायचा आणि यंत्राला विचारायचं, की बाबा रे, यात सोनं किती, प्लॅटिनम किती, इरिडियम किती. पण दगडाला हात लावण्याआधी तेच सगळं रिकाम्या पेल्याने करून बघायचं. तेच पाणी, तेच ॲसिड, तेच हात, फक्त दगड नाही. अशा पेल्यात जे निघेल ते दगडाचं नसतं, आपलं असतं. हवेतली धूळ, बाटलीचा मळ, माणसाचा निष्काळजीपणा. म्हणून पेला जितका रिकामा निघेल तितकी माणसाची इज्जत. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत गुंजेचे पेले इतके रिकामे निघत, की मोठ्या बाई नव्या मुलांना ते उदाहरण म्हणून दाखवत. मोठ्या बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. कौतुक करताना त्यांना दात दुखल्यासारखं व्हायचं, तरी दाखवत.

आणि आता त्याच पेल्यात सोनं निघत होतं. आठवड्यामागून आठवडा थोडं थोडं जास्तच.

तिकडे कुलूपबंद कपाटात दगड वाट बघत होता. मसुराच्या डाळीएवढा तुकडा, परगावच्या संग्रहालयाने मोठ्या मिनतवाऱ्यांनंतर दिलेला. पृथ्वी अजून पृथ्वी झाली नव्हती तेव्हाचा. पृथ्वी वितळलेली असताना तिच्या वाट्याचं बहुतेक सोनं लोखंडाबरोबर तळाशी, पार पोटात जाऊन बसलं. या दगडाला मात्र कधी वितळावं लागलं नाही, त्यामुळे सूर्याच्या घरात पहिल्या दिवशी जी वाटणी झाली ती त्याच्याकडे जशीच्या तशी होती. ते सोनं मुळात कुठून आलं, हा गुंजेचा प्रश्न. पाच वर्षं ती त्याच्या मागे होती. पण डाळीएवढा दगड एकदाच विरघळतो. पेल्यात आपलंच सोनं असताना तो विरघळवला तर उत्तर खोटं, दगडही गेला आणि गुंजेचं तोंडही काळं. संग्रहालयाने कळवलं होतं, की या महिन्यात काम होणार नसेल तर तुकडा परत पाठवा, दुसरे लोक रांगेत आहेत.

मग शोध सुरू झाला. पाणी बदललं, ॲसिड बदललं, हातमोज्यांची खोकी बदलली. चष्मेवाल्याच्या चष्म्याच्या काड्या सोनेरी होत्या, म्हणून त्याचा चष्मा एक दिवस कपाटात बंद करून ठेवला. तो बिचारा दिवसभर टेबलांना धडकत फिरला आणि संध्याकाळी समजलं, की काड्यांवर सोनं नव्हतंच, पितळेवर रंग होता. "मला दुकानदाराने फसवलं आणि तुम्ही आंधळं केलंत," तो म्हणाला. झाडलोट करणाऱ्या मावशींच्या दाढेवर सोन्याची टोपी होती. त्यांच्याकडे सगळे रोखून बघायला लागले तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता काय तोंड मिटून झाडू?"

शेवटी मोठ्या बाईंनी फर्मान काढलं. प्रत्येकाने एकट्याने आत जायचं, एकट्याने रिकामा पेला करायचा. चष्मेवाल्याचा पेला स्वच्छ निघाला. बाईंचा स्वतःचा स्वच्छ निघाला. गुंजेच्या पेल्यात सोनं.

"तू काही घालतेस का अंगावर?" बाईंनी विचारलं.

गुंजेने केस मागे करून कान दाखवले. सोनाराची मुलगी, पण अंगावर सोन्याचा कण नाही. कानांची भोकं बापाने स्वतःच्या हाताने पाडलेली, तीही आता बुजत आलेली.

"वडील आलेत ना हल्ली तुझ्याकडे राहायला? तिथे काही..."

"त्यांचं काम मागच्या खोलीत चालतं, बाई. दार लावलेलं असतं. मी त्या खोलीत पाऊल ठेवत नाही. रोज सकाळी डोक्यावरून अंघोळ, धुतलेले कपडे आणि तडक इथे."

"मग सोनं काय आकाशातून पडलं?" बाई म्हणाल्या. आकाशातून पडलेल्या दगडांच्या प्रयोगशाळेत हे बोलणं जरा विनोदीच होतं, पण हसायची कुणाची छाती झाली नाही.

बाबा आले होते ते गुडघ्यांमुळे. चाळीस वर्षं दुकानात मांडी घालून बसलेले गुडघे एके दिवशी उठेनात. गुंजेने हट्टाने त्यांना आपल्या घरी आणलं. दुकान विकलं, पण एका अटीवर. कामाचं मेज, सोनं वितळवायची मूस, कानशी, फुंकणी आणि मांडीवर पसरायचं कातडं बरोबर येणार. जुनी गिऱ्हाइकं तुटलेल्या साखळ्या, सैल झालेली कोंदणं घेऊन यायची आणि बाबा मागच्या खोलीत कानस घासत बसायचे. त्या आवाजाने गुंजेला घर भरल्यासारखं वाटायचं.

आल्यानंतर पहिल्याच आठवड्यात जेवताना त्यांनी विचारलं होतं, "तू नेमकं करतेस तरी काय? लोक विचारतात. मी सांगतो, दगड फोडते."

"सोनं कुठून आलं ते शोधते."

"खाणीतून आलं."

"खाणीत कुठून आलं?"

बाबा घास हातात धरून थांबले. सोनाराला हा प्रश्न कधी पडत नाही. त्याच्याकडे येणारं सोनं कुणाच्या तरी मोडीतून आलेलं असतं आणि ती मोड त्याआधीच्या मोडीतून.

मग गुंजेने सांगितलं. मोठमोठे तारे जळून संपतात आणि मागे एक गोळा उरतो. एखाद्या शहराएवढाच, पण सूर्याहून जड. चमचाभर उचलावा तर डोंगराचं वजन भरेल असा. कधी कधी असे दोन मेलेले तारे एकमेकांभोवती फिरत असतात.

"मेल्यावरही फिरतात?"

"हो. कोट्यवधी वर्षं. फिरता फिरता जवळ येतात, मग टक्कर होते. त्या टकरीत क्षणभरात सोनं तयार होतं, प्लॅटिनम, युरेनियम, सगळं जडजड तयार होतं आणि आकाशभर उधळलं जातं. त्यातलं थोडं पुढे आपला सूर्य ज्या धुळीतून झाला त्या धुळीत मिसळलं. बहुधा."

"बहुधा? एवढी शिकलीस आणि बहुधा?"

"काही सोनं दुसऱ्या तऱ्हेच्या स्फोटांतूनही आलं असेल. त्यावरच तर भांडण चाललंय."

बाबा म्हणाले, "मेल्यावरही फिरतात," आणि ताट सरकवून उठले.

त्यांना कोण आठवलं ते गुंजेला कळलं. या घरात आईचा विषय निघाला की माणसं अशी उठून जातात. गुंज लहान असताना आई एका सकाळी कामावर गेली ती परत आली नाही. रस्त्यात गाडीने उडवलं. त्या सकाळी नवराबायकोचं काहीतरी बिनसलेलं होतं, आई न बोलता, मागे न बघता निघून गेली होती. तेव्हापासून बाबांनी एक रीत घातली, जी या एकाच घरात होती. घरातून कुणी बाहेर पडलं की दारात थांबायचं, बाबा डोक्यावर हात ठेवणार, तळवा जरा दाबणार, मग जायचं. शाळेत जाताना, परीक्षेला जाताना, परगावी शिकायला जाताना. ती मोठी झाली, वेगळी राहायला लागली तेव्हा ही रीत सुटली होती. बाबा राहायला आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी तो हात पुन्हा डोक्यावर आला, आणि चाळिशीकडे झुकलेल्या बाईला शाळकरी मुलीसारखं भरून आलं. आईची अंगठी कुठे गेली, हे मात्र विचारायचं नसे. लहानपणी तिने एकदा विचारलं होतं, तेव्हा बाबा दोन दिवस जेवले नव्हते.

बाईंनी आकाशाचा दाखला दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुंज नेहमीसारखी नाहून, धुतलेले कपडे घालून निघाली. दारात थांबली. बाबांनी हात ठेवला, दाबला, उचलला. जिन्याच्या खिडकीतून ऊन येत होतं आणि तो उचललेला तळवा नेमका त्या उन्हात आला. तळव्यावरच्या रेघा चमकत होत्या. सगळ्या नव्हेत, खोलखोल तेवढ्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. इथे तर कळसा डोक्यावरच होता.

हे तिला कळायला हवं होतं, हीच खरी लाजेची गोष्ट. लहानपणी तिने शंभर वेळा बघितलं होतं. सोनाराच्या अंगाला, कपड्याला, केसांना सोनं लागतंच. साबणाने कातडीवरचं जातं, भेगांमधलं जात नाही. मेजावरची फडकी बाबा वर्षभर साठवायचे, मग जाळायचे आणि राखेतून मोहरीएवढा पिवळा मणी काढून दाखवायचे. ती टाळ्या पिटायची. आणि आता डोकं निर्मळ धुऊन, त्यावर तो हात घेऊन ती प्रयोगशाळेत जायची, केस टोपीत कोंबायची आणि त्याच बोटांनी हातमोजे चढवायची.

तिने खात्री करून घेतली. स्वच्छ कपड्याचा तुकडा केसांवरून फिरवला, ॲसिडात बुडवला आणि यंत्राला दिला. आकडा बघून चष्मेवाला ओरडला, "गुंज, तुझ्या डोक्यात खाण आहे!"

आता तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं बापाला. हात अंघोळीआधी ठेवा म्हणायचं, विषय संपला. पण तिला बाप माहीत होता. आपल्या हातामुळे मुलीचं काम बिघडतंय असं कळलं असतं तर त्यांनी मेज तासाभरात विकून टाकलं असतं. आई गेल्यावर त्यांनी वर्षभर कानस उचलली नव्हती, तेव्हा माणूस वाळून काटकी झाला होता. आता या वयात, या गुडघ्यांनी, मेज गेलं तर ते खिडकीपाशी बसून राहतील आणि एक दिवस बसल्या जागी संपतील, अशी भीती तिच्या मनात पक्की बसली. शिकलेल्या माणसांचं हे असं असतं. ताऱ्यांच्या टकरीचा हिशेब लागतो, बापाशी दोन वाक्यं बोलायची म्हटली की जीभ टाळ्याला चिकटते.

म्हणून तिने पळवाट काढली. बाबा उठायच्या आत निघून जायचं.

पहिल्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, "आज लवकर गेलीस?"

"काम होतं."

दुसऱ्या संध्याकाळी विचारलं, "फार काम पडतंय?" तिसऱ्या संध्याकाळी काहीच विचारलं नाही. पेल्यातलं सोनं मात्र दिवसागणिक उतरत गेलं. मोठ्या बाईंनी सगळी जागा धुऊन घेतली आणि चष्मेवाल्याने एक दिवस जाहीर केलं, की पेला जवळजवळ रिकामा आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "आता दगड घ्यायला हरकत नाही." गुंजेने मान हलवली. आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही.

कारण घरी कानशीचा आवाज बंद झाला होता. मागच्या खोलीचं दार लावलेलंच असायचं, पण आत कुणी नसायचं. आणि एका संध्याकाळी ती बसमधून उतरली तर कोपऱ्यावर बाबा उभे. पायात घरातल्या सपाता, एक हात दिव्याच्या खांबाला.

"इथे काय करताय?"

"उगाच. पाय मोकळे करायला."

जिन्यात शेजारची बाई भेटली. ती हळूच म्हणाली, "दुपारपासून उभे होते हो. मी खुर्ची देते म्हटलं तर नको म्हणाले. काल पण तसंच." आणि वर, "काही भांडण झालंय का?" हेही विचारून घेतलं, कारण शेजारणीला तेवढा हक्क असतो.

गुंजेला रात्रभर त्या सपाता दिसत राहिल्या. आई गेल्याचं कळलं तेव्हाही बाबा असेच कोपऱ्यावर उभे होते, हे तिला फार वर्षांनी आठवलं. तिने त्यांची भीती चुकवली नव्हती, फक्त त्यांना एकट्याला त्या भीतीच्या हवाली करून ती रोज सकाळी निघून जात होती.

दगड विरघळवायच्या दिवशी ती पहाटे उठली, आवरलं आणि पिशवी घेऊन दाराशी आली. दाराला टेकवून खुर्ची ठेवलेली आणि खुर्चीत बाबा.

"उठा ना, बाबा. उशीर होतोय मला."

"होऊ दे."

"अहो, आजच तर..."

"गुंजे, माझं काय चुकलं ते सांग आणि जा. मी अडवणार नाही." आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "तुझी आई अशीच गेली. न बोलता. एकदा झालं तेवढं पुरे. रागावली असशील तर भांड माझ्याशी. शिव्या दे. पण हात चुकवून जाऊ नकोस."

गुंजेने पिशवी खाली ठेवली आणि जमिनीवर त्यांच्या पायांशी बसून सगळं सांगितलं. पेला, चष्मा, मावशींची दाढ, जिन्यातलं ऊन. सांगताना तिला रडू येत होतं आणि मावशींच्या दाढेपाशी बाबांना हसू आलं.

त्यांनी दोन्ही तळवे डोळ्यांसमोर धरले. "माझ्या हातचं सोनं?"

"हो."

"किती?"

"तुमच्या काट्यावर येणार नाही. भिंगातूनही दिसणार नाही."

"आणि तुझ्या यंत्राला दिसलं?"

"डोळे दिपतील एवढं दिसलं."

"बघ!" बाबा खुशीत म्हणाले. "चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाने कधी म्हटलं नाही की सोनार सोनं देऊन गेला. घेऊन गेला असंच म्हणतात." आणि खोकला येईपर्यंत हसले. मग हसू ओसरलं. "काही हरकत नाही. मेज आजच काढून टाकू. नाहीतरी डोळे..."

"म्हणूनच सांगितलं नाही!" गुंज ओरडलीच. "मेज जाणार नाही. मेज गेलं तर मी दगड परत पाठवीन. मी काय, आणखी दहा दगड मागेन कुठून तरी. मला कानस ऐकायची आहे घरात."

शेवटचं ऐकून बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पुन्हा तळव्यांकडे बघितलं आणि एकदम वेगळ्याच आवाजात विचारलं, "एक विचारू? तुझं यंत्र एवढं बारीक बघतं. तर यातलं तिचं कुठलं, ते सांगेल?"

"कुणाचं?"

"तुझ्या आईचं. अंगठी सैल करायला दिली होती तिने मला. मी आज करतो, उद्या करतो म्हणत राहिलो. सोनाराच्या बायकोचं बोट रिकामं, लोक हसतात, असं म्हणाली त्या सकाळी. मी म्हटलं, गिऱ्हाइकं आधी. ती निघून गेली. संध्याकाळी कळलं, मेजापाशी परत आलो तर अंगठी तिथेच होती, माझ्यासमोर. मी ती उचलून मुशीत टाकली. मुशीत आधीच दुसऱ्यांचं सोनं होतं. का टाकली ते विचारू नकोस. राग आला होता. तिचा, माझा, त्या अंगठीचा. मग वितळलं आणि बघितलं तर सगळं एकच पिवळं. तिच्यातलं एवढंसुद्धा वेगळं काढता येईना. कुणाच्या साखळीत गेली, कुणाच्या बांगडीत गेली. मोड आली की मी अजून बघतो, यात असेल का." त्यांनी हात पुढे केला. "थोडी इथे राहिली असेल. तुझं यंत्र ओळखेल का तिला?"

खोटं बोलायचा मोह गुंजेला झाला. एक 'हो' म्हटलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? पण जिने रिकाम्या पेल्यासाठी जिवाचं रान केलं, तिच्या तोंडून खोटं निघेना.

"नाही, बाबा. प्लॅटिनमची सहा भावंडं असतात, वजनाने थोडी वेगवेगळी. कुठल्या घरचं प्लॅटिनम आहे ते त्यांच्यावरून ओळखता येतं. शिशाचंही तसंच. सोनं एकुलतं एक आहे. सोन्याचा प्रत्येक अणू दुसऱ्यासारखा, तंतोतंत. तारे आपटले तेव्हापासून तसाच. माझ्या दगडातला, तुमच्या हातावरचा, आईच्या अंगठीतला, सगळे एकसारखे. तिचा कुठला ते कुणालाच सांगता येणार नाही."

"म्हणजे नाही."

"नाही." तिने तो तळवा आपल्या दोन्ही हातांत घेतला. आता घ्यायला हरकत नव्हती, हात धुता येतात. "पण हा कण तिचा नाही, असंही कुठल्याच यंत्राला सांगता येणार नाही. एकाही कणाबद्दल नाही."

हळूहळू बाबांनी मूठ मिटली. डोळ्यांतलं पाणी पुसायला तीच मूठ वर नेली आणि मध्येच थांबवली. डोळे बाहीने पुसले.

मग ते खुर्चीचा आधार घेत उठले, खुर्ची स्वतः बाजूला केली आणि दार उघडलं. "जा. नाहून, हात धुऊन जा पुन्हा. हात संध्याकाळी ठेवीन, आलीस की."

"चालेल तुम्हाला?"

"न चालून सांगतो कुणाला?" त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसरा घट्ट धरला. ती नाहून निघाली, जिना उतरली, वळून बघितलं, तेव्हाही ते तसेच उभे होते. चेहरा पांढरा पडला होता, पण हात मागेच होते. माणसाने किती मोठं काम केलंय हे बघणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते इथे सांगून ठेवलं.

त्या दिवशी दगड विरघळला. साडेचार अब्ज वर्षं टिकलेली वस्तू दुपारपर्यंत पिवळसर पाणी झाली. शेजारचा रिकामा पेला आधी यंत्रात गेला आणि चष्मेवाला ओरडला, "काही नाही! काहीसुद्धा नाही!" काहीच न सापडल्यावर एवढी माणसं इतकी खूश झालेली मावशींनी कधी बघितली नव्हती. मग दगडाची पाळी आली. त्यात सोनं होतं, थोडं, पण त्याचं स्वतःचं. ते एका टकरीचं की अनेक, हे प्लॅटिनमच्या भावंडांना विचारून ठरायला अजून बरेच दिवस जाणार होते. मोठ्या बाईंनी आकडा दोनदा वाचला आणि दात दुखल्यासारखा चेहरा करून म्हणाल्या, "विश्वास ठेवण्यासारखा आहे."

संध्याकाळी गुंज बसमधून उतरली. कोपऱ्यावर कुणी नव्हतं. दिव्याच्या खांबापाशी ती क्षणभर घाबरली, आणि बापाला रोज काय वाटत असेल ते तिला नेमकं कळलं. मग ती भरभर चालायला लागली. जिन्यात पहिल्याच वळणावर कानशीचा आवाज ऐकू आला, तशी कठड्याला धरून जरा उभी राहिली.

बेल वाजवल्यावर आवाज थांबला. दार उघडायला गुडघ्यांना लागतो तेवढा वेळ लागला. बाबा दारात आले ते कामातून उठून, कातडं तसंच कमरेला गुंडाळलेलं, आणि हातातल्या फडक्याने घाईघाईने तळवा पुसत होते.

"आलीस?"

"आले."

ते अजून पुसतच होते, रेघारेघांतून, भेगाभेगांतून.

"पुसू नका, बाबा," गुंज म्हणाली आणि उंबऱ्यातच डोकं पुढे केलं. "तसाच ठेवा."